रिमोटचा रणगाडा : खेळणं की प्रतिकृती?

बालमित्रांनो, रिमोटवर पळणारा रणगाडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दुकानात पाहिला असेल. बटण दाबलं की सुसाट सुटतो, जागच्या जागी भिंगरीसारखा गरगर फिरतो, सोफ्याच्या पायाला धडकून परत येतो. मजा येते खरी. पण एक प्रश्न विचारू? खरा रणगाडा असा पळतो का हो?

आज आपण मोठ्या आकाराची, रिमोटवर चालणारी प्रतिकृती कशी घडवतात ते पाहू. खेळणं आणि प्रतिकृती यांत फरक एवढाच, की प्रतिकृती करणारा प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारतो : "खऱ्यात हे कसं आहे?" आणि "तसंच का आहे?"

उदाहरणाला घेऊ दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन शर्मन रणगाडा. त्याचे प्रकार अनेक. आपण 'एम४ए१' हा प्रकार निवडू. लांबी सुमारे ५.८४ मीटर, रुंदी २.६२ मीटर, उंची २.७४ मीटर, वजन साधारण ३० टन. अशा मोठ्या प्रतिकृती बहुधा १:१६ या प्रमाणात करतात. म्हणजे प्रत्येक मापाला १६ने भागायचं. करा बघू! लांबी साडेछत्तीस सेंटीमीटर, रुंदी साधारण साडेसोळा, उंची सतरा. शाळेच्या दप्तरात जेमतेम मावेल एवढा गाडा झाला.

आता वजन. "सोळापट लहान, म्हणजे वजनही सोळापट कमी," असं पटकन तोंडात येतं ना? थांबा. ठोकळ्याची बाजू दुप्पट केली तर त्यात लहान ठोकळे किती मावतात? दोन नाही, आठ! कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढतात. तसंच इथे १६ × १६ × १६ म्हणजे ४,०९६ने भागायला हवं. तीस हजार किलोला ४,०९६ने भागलं की उत्तर येतं सुमारे सव्वासात किलो. प्लॅस्टिकचं हलकं खेळणं खड्ड्यावरून टुणकन उडी मारतं, ते याचमुळे. जाणते कारागीर प्रतिकृतीच्या तळाशी, मधोमध वजन ठेवतात. पण मोटारींना झेपेल एवढंच. मग गाडा कसा डौलात, झुलत चालतो!

वेगाचंही गणित करू. खऱ्या शर्मनचा रस्त्यावरचा वेग जास्तीत जास्त ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास. त्याला १६ने भागलं तर ताशी सुमारे २.४ किलोमीटर. म्हणजे तीन मीटरची खोली पार करायला साडेचार सेकंद लागले पाहिजेत. तुमच्या दुकानातल्या गाड्याला घड्याळ लावून बघा. बहुतेक तो कितीतरी लवकर पोचेल.

आता पोटात डोकावू. प्रतिकृतीत बॅटरी असते, रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर असतो आणि दोन मोटारी असतात. एक मोटार डावा पट्टा फिरवते, दुसरी उजवा. दोन्ही सारख्या फिरल्या की गाडा सरळ जातो. एक हळू झाली की त्या बाजूला वळतो. एक पुढे आणि एक मागे फिरली की भिंगरी!

आणि गंमत इथेच आहे. खऱ्या शर्मनला भिंगरी जमतच नव्हती. चालकापुढे दोन दांडे असत. उजवा दांडा ओढला की उजवा पट्टा मंदावे आणि गाडा उजवीकडे वळे. पण तो पट्टा उलटा फिरत नसे. त्यामुळे पूर्ण वळायला सुमारे १९ मीटर व्यासाचं वर्तुळ लागे. आपल्या प्रमाणात ते होतं १ मीटर १८ सेंटीमीटर. अंगणात खडूने एवढं वर्तुळ काढा आणि गाडा त्याच्यावरून फिरवा. रिमोट हातात असूनही जो भिंगरी फिरवत नाही, त्याला शर्मन कळला!

शर्मन एवढा उंच का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. याचं इंजिन होतं मागे आणि गिअरबॉक्स पुढे. पट्टा ओढणारी दातेरी चाकंही पुढेच. त्यामुळे इंजिनापासून पुढपर्यंत एक लांब दांडा गाड्याच्या पोटातून जात असे. इंजिन मूळचं विमानाचं, सिलिंडर गोलाकार मांडलेले. साहजिकच दांडा उंचावरून निघे, आणि त्याच्या वर माणसं बसायची म्हणजे गाडा उंचच होणार. उंच गाडा शत्रूला लांबून दिसतो. कागदावर रेघ थोडी वर सरकते, पण रणांगणावर तिचा अर्थ फार मोठा असतो.

आता बारीकसारीक कामाकडे वळू. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो.

पहिलं म्हणजे पृष्ठभाग. 'एम४ए१'चं वरचं अंग साच्यात पोलाद ओतून केलेलं. म्हणून कडा गोलसर आणि पृष्ठभाग किंचित खरबरीत. प्लॅस्टिक मात्र गुळगुळीत येतं. त्यावर पातळ पुट्टीचा हात देऊन, ती ओली असतानाच राठ ब्रशाने टोचत जायचं. वाळल्यावर पॉलिशपेपर हलकेच फिरवायचा.

दुसरं, कड्या आणि दोर. साच्यातून आलेल्या जाड कड्या कापून तिथे तांब्याची तार वाकवून बसवतात. खरी कडी १६ मिलिमीटर जाड असेल, तर तुमची तार १ मिलिमीटरची हवी. गाडा ओढायचा लोखंडी दोर बारीक तारा पिळून करता येतो.

तिसरं, पट्टे. शर्मनच्या प्रत्येक बाजूच्या पट्ट्यात ७९ कड्या असत. कित्येक पट्ट्यांवर रबर चढवलेलं असे. रबर चकाकत नाही! म्हणून सगळा पट्टा चंदेरी रंगवणं चूक. कड्या जोडणारे लोखंडी तुकडे आणि दातेरी चाकाचे दाते जिथे घासतात, तेवढेच चमकवायचे.

चौथं, रंग आणि धूळ. रंग लष्करी, तपकिरीकडे झुकणारा हिरवा. रंग उडतो कुठे? जिथे माणसं पाय देऊन चढतात तिथे आणि झाकणाच्या कडांना. चिखल खाली, धूळ वर, काजळी धूर निघतो तिथे. खडूची पूड बोटाने चोळली की धूळ झकास दिसते. पण कारण नसलेला डाग एकही नको.

'जिथे माणसं पाय देऊन चढतात,' असं मी आत्ताच म्हटलं. शर्मनमध्ये पाच जण असत : कमांडर, तोफ डागणारा, गोळे भरणारा, चालक आणि त्याचा मदतनीस. १:१६ प्रमाणात माणूस साडेदहा सेंटीमीटरचा. तेवढ्या पाच बाहुल्या पुठ्ठ्याच्या करून आत बसवून पाहा. किती दाटीवाटी होते! उन्हाळ्यात, धुरात, बंद झाकणाखाली ही माणसं बसत. भारतीय सैन्याकडेही शर्मन होते. सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट शर्मन घेऊन लढली, ती त्याहून नव्या पॅटन रणगाड्यांविरुद्ध. तिथे पाकिस्तानचे कितीतरी पॅटन निकामी झाले. दोन्हीकडच्या गाड्यांत माणसंच होती, हे प्रतिकृती करणाऱ्याने विसरू नये. खेळातला रणगाडा उलटला की आपण हसतो. खरा पेटला की घरी कुणीतरी वाट पाहत राहतं.

खरे रणगाडे जवळून पाहायचे असतील तर अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४मध्ये सुरू झालं. शर्मन आणि पॅटन दोन्ही तिथे आहेत. जाताना वही-पेन्सिल न्या. तोफेपुढे उभं राहून फोटो तर सगळेच काढतात. तुम्ही मात्र खाली वाका, चाकं मोजा, वेल्डिंगच्या रेघा पाहा, चढायच्या कड्या कुठे आहेत त्याची खूण करा. आणि पाटी काय सांगते ते नीट वाचा.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. असे संच महाग असतात, म्हणून हट्टाला लगेच बळी पडू नका. संच आणलाच, तर बॅटरी चार्ज करताना, सोल्डरिंग करताना आणि कटर वापरताना जवळ बसा. रंगकाम खिडकी उघडी ठेवून होऊ द्या. छर्रे उडवणारी तोफ असेल तर ती बंदच ठेवलेली बरी. डोळे दोनच असतात.

आणि मुलांनो, संच नाही म्हणून खट्टू होऊ नका. जुन्या वहीचे पुठ्ठे, फेव्हिकॉल, बाटल्यांची झाकणं आणि फूटपट्टी एवढ्यावर १:१६चा शर्मन उभा राहतो. चाकं प्रत्येक बाजूला सहा, हे विसरू नका. मोटार नसली तरी माप खरं असू द्या. तयार झाला की एखाद्या मित्राला बोलवा आणि सांगा, "कुठलाही भाग दाखव आणि विचार, हे असं का?"

दहापैकी सात उत्तरं आली, तर तुमचा पुठ्ठ्याचा रणगाडा दुकानातल्या भिंगरीपेक्षा भारी समजा. उरलेली तीन शोधून काढा आणि मला पत्राने कळवा.