गाण्याचा कागद

संगीतव्यवसाय आणि ध्वनिमुद्रण हे विषय पदवीच्या वर्गात शिकवावेत की नाहीत, हा वाद आता जुना झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कौशल्य-अभ्यासक्रमांना पदवीच्या चौकटीत जागा दिली. आणि एक लहान खोली, भिंतींना फोम, एक संगणक व दोन मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर असा वर्ग उभा राहू शकतो. मराठीच्या अध्यापकांत याविषयी जो सूर लागतो तो बहुधा उपहासाचा असतो. आता एवढेच राहिले होते! आमचे म्हणणे निराळे आहे. हे वर्ग जरूर चालावेत. मात्र ते यंत्रे जाणणाऱ्यांच्या हाती सोपवून मराठी विभागाने अंग काढून घेऊ नये.

भावगीताचा इतिहास शिकवताना आपण रविकिरण मंडळापर्यंत जातो, तबकडीपर्यंत जात नाही. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे हा जो घाट आपण भावगीताचा म्हणून फळ्यावर मांडतो, त्याला या तीन मिनिटांचीही मर्यादा आहे, हे विद्यार्थ्यास कोण सांगणार? नागपूरचे वकील, भावगीतगायक आणि पुढे एच.एम.व्ही.चे अधिकारी झालेले ग. ना. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक साहित्य, गायन आणि व्यापार यांच्या नेमक्या सीमेवर उभे आहे. आपल्या वाचनयाद्यांत ते असायला हवे. ‘गीतरामायण’ १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत या गतीने प्रसारित झाले. ती निकडही त्या रचनेच्या अभ्यासाचा भाग मानली पाहिजे.

ध्वनिमुद्रणाच्या बाजूनेही भाषेची गरज आहे. मुद्रित आवाजातील ‘स’काराची बोचरी सळसळ दाबण्यासाठी डी-एसर नावाची सोय वापरतात. मराठीत ‘चंद्र’मधला च तालव्य आणि ‘चाल’मधला दंततालव्य, या दुसऱ्या च-मध्ये ‘स’चे घर्षण दडलेले असते. ज्याच्या कानाला हा भेद ठाऊक नाही तो सकार दाबताना शब्दाची धारही बोथट करून बसतो. फ, भ यांच्या श्वासाचा मायक्रोफोनवर होणारा आघात हीदेखील वर्णविचाराचीच गोष्ट आहे. महाप्राणांचे प्रकरण यापेक्षा रंजक रीतीने शिकवण्याची संधी आम्हांला तरी दुसरी दिसत नाही.

पण खरी चिंता याहून मोठी आहे. आमच्या वर्गांतली मुले गाणी लिहितात: लग्नाची, देवीची, गणपतीची, एखाद्या स्थानिक चित्रफितीसाठी. मुद्रांकावरचा करार कधीकधी आमच्यासमोर येतो. ‘एकरकमी मोबदला’, ‘सर्व हक्क’, ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’. मुलगा विचारतो तो प्रश्न बहुधा शुद्धलेखनाचा असतो. वृत्त-अलंकार पक्के असलेल्या या मुलास हे माहीत नसते की एका गाण्यात शब्द, चाल, मुद्रण आणि गायकाचे सादरीकरण असे वेगवेगळे हक्क नांदतात. शब्दांवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. आणि तो निर्माण होण्यास नोंदणी लागत नाही. हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द तेथे उगाच आलेले नसतात! विशेषण कोठे काय काम करते, हे शिकवण्यासाठी याहून चांगला उतारा आम्हांस ठाऊक नाही.

२०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा दिला. हा वाटा वारस किंवा स्वामित्वसंस्था यांखेरीज कोणाच्या नावे लिहून देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हिरिरीने बाजू मांडली. पण वाटा मिळण्यासाठी तो गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हावे लागते, आपली गीते तेथे नोंदवावी लागतात. १९६९ पासून असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे नाव मराठीच्या किती पदवीधरांनी ऐकले असेल, याची आम्हांला शंकाच आहे.

हे वाणिज्य किंवा विधी विभागाने शिकवावे, असे म्हणणारे सहकारी भेटतात. त्यांनी शिकवावेच. परंतु गीत लिहिणारा मुलगा त्यांच्या वर्गात बसत नाही, तो आपल्या वर्गात बसतो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गायन मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी ती आपले नाव मोठ्याने उच्चारी. तबकडी परदेशात घडत असे आणि तेथील कामगारांना चिठ्ठीवर कोणाचे नाव छापायचे ते त्यावरून कळे. आज मोबाइलवर गाणे लावले की गायकाचे नाव ठळक दिसते. गीतकारासाठी आणखी दोन-तीनदा बोट दाबावे लागते, आणि कधी तेथेही जागा रिकामीच असते. आमची सूचना साधी आहे. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यात मुद्रित झालेले एक गाणे निवडावे. त्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रण कोणाच्या मालकीचे आणि करार कोणत्या शब्दांत झाला, हे शोधून चार पाने लिहावीत. त्याला वीस गुण ठेवावेत. अभ्यासमंडळाच्या पुढल्या बैठकीत आम्ही हे मांडणार आहोत.