छंदघर : आधी बंद करायला शिका!

दोस्तांनो,

तुमच्या पत्रांतून एक प्रश्न फिरून फिरून येतो. ‘मामाच्या कपाटात मॉडेल विमानाचं जुनं इंजिन सापडलंय. ते चालू कसं करायचं?’ आज त्याचं उत्तर देणार आहे, पण उलट्या बाजूनं. ते बंद कसं करायचं, हे आधी. का, ते लवकरच कळेल.

हल्ली बहुतेक मॉडेल विमानं बॅटरीवरच्या मोटरनं उडतात. बॅटरी चार्ज केली, लावली, झालं काम. तरी ही इवली इंजिनं अजून कपाटांच्या वरच्या फळीवर, हौशी काकांच्या पेट्यांत, एनसीसीच्या एअर विंगच्या खोल्यांत नांदताहेत. त्यांचा तो कर्कश आवाज आणि जळक्या एरंडेलाचा वास ज्याला एकदा आवडला, त्याला मोटर अगदी पाणचट वाटते. मलाही वाटते, खरं सांगायचं तर!

इंजिन हातात घेऊन बघा. लिंबाएवढं, फार तर मोसंब्याएवढं. पण त्याला खेळणं समजू नका. चला, एक छोटं गणित करू. साडेसहा सीसीच्या इंजिनाला साधारण 10 इंची पंखा लावतात. म्हणजे व्यास 25.4 सेंटिमीटर, आणि टोक एका फेरीत जवळजवळ 80 सेंटिमीटर फिरतं. इंजिन मिनिटाला 12,000 फेरे घेतंय असं धरा. म्हणजे सेकंदाला 200. आता गुणाकार करा. सेकंदाला 160 मीटर, ताशी सुमारे 575 किलोमीटर! आपली कुठलीही रेल्वेगाडी या वेगाच्या निम्म्यानंही धावत नाही. आणि एवढ्या वेगानं फिरणारा पंखा दिसतच नाही, नुसतं धुरकट वर्तुळ दिसतं. बोट त्यात जातं ते म्हणूनच. डोळ्यांना तिथं काही नसतंच ना!

आता आत काय चालतं ते बघू. मोटारसायकलच्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. मॉडेल इंजिनांतही पूर्वी तोच असे, आणि त्याच्यासाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असं सगळं ओझं विमानाला वाहावं लागे. 1947 साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि ते ओझं संपलं. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनम मिसळलेल्या तारेचं एक चिमुकलं वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलनं ते लालकेशरी तापवायचं. इंजिन धरलं की सेल काढून घ्यायचा. तरी इंजिन चालूच! कारण इंधनात असतो मिथेनॉल. त्याची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथं रासायनिक क्रिया होऊन उष्णता निघते. ती उष्णता आणि आधीच्या स्फोटाची धग मिळून वेटोळं तापलेलं राहतं. म्हणूनच यात पेट्रोल घालून उपयोग नाही.

किती हुशारीची युक्ती, नाही? पण गोम इथंच आहे. सेल काढल्यावर इंजिन चालूच राहतं, म्हणजे सेल काढून ते बंद होत नाही. त्याला किल्ली नाही, स्विच नाही. त्याचं इंधन तोडायचं किंवा हवा तोडायची, एवढे दोनच उपाय. ज्यांना हे ठाऊक नसतं ते घाबरतात आणि पंख्याकडे हात नेतात, नाहीतर त्यात फडकं फेकतात. फडकं गुंडाळलं जातं, पंख्याचा तुकडा उडतो. तो कुणाच्या दिशेनं जाईल ते सांगता येत नाही.

तेव्हा पहिला धडा थंड इंजिनावर. इंजिन एका जाड फळीला बोल्टनं पक्कं बसवा आणि फळी मजबूत टेबलाला क्लॅम्पनं आवळा. हातात धरून इंजिन चालवायचं नाही, कधीच नाही. टाकी पंख्याच्या मागे ठेवा आणि टाकीपासून इंजिनापर्यंतची मऊ नळी अशी न्या, की मागच्या बाजूनं हात घालून ती चिमटीत दाबता येईल. आता डोळे मिटा आणि ती नळी शोधून दाबा. पुन्हा एकदा. दहा वेळा करा. हसू येईल, येऊ द्या. कार्बोरेटरला थ्रॉटलचा दांडा असेल तर तो पूर्ण मिटवून हवा खरंच तुटते का, तेही पाहून घ्या. आणि टाकीत इंधन घालताना थोडंसंच घाला. काहीच जमलं नाही तरी दोन-तीन मिनिटांत इंजिन आपोआप उपाशी पडेल.

या सगळ्याला माहीतगार मोठं माणूस शेजारी हवंच. ‘मोठं माणूस’ म्हणजे नुसतं वयानं मोठं नव्हे हं. ज्यानं असं इंजिन चालवलेलं आहे असं. मुंबई, पुणे, नागपूर इथे एनसीसीच्या एअर स्क्वाड्रन आहेत. तिथल्या छात्रांच्या शिक्षणात एरोमॉडेलिंग असतं. तुमच्या शाळा-कॉलेजातला कुणी दादा किंवा ताई एअर विंगमध्ये असेल तर आधी त्यांना गाठा.

आता इंधनाबद्दल. ठरलेलं साधं मिश्रण म्हणजे 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के एरंडेल. हो, आजी नाक दाबून पाजायची तेच एरंडेल! मिथेनॉलमध्ये साधं खनिज तेल नीट मिसळत नाही, एरंडेल मिसळतं आणि भयंकर तापलं तरी वंगणाचं काम सोडत नाही. पहिल्या महायुद्धातल्या अनेक लढाऊ विमानांच्या फिरत्या इंजिनांतही तेच असे. न जळलेलं तेल वैमानिकांच्या तोंडावर उडायचं आणि त्यांची पोटं बिघडायची, असं सांगतात. काही इंधनांत ताकदीसाठी नायट्रोमिथेनही असतं. शिकताना त्याची गरज नाही.

एरंडेल आपलं ओळखीचं. मिथेनॉल मात्र साधासुधा पाहुणा नाही. तो पाण्यासारखा दिसतो आणि तो विष आहे. पोटात गेला की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉलच होता. म्हणून इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा, ओतायचं नाही. घरात धाकटं भावंडं असतं, तहानलेला पाहुणा असतो. मूळ डबा, घट्ट झाकण, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’, आणि जागा कुलपात. नळीतून इंधन तोंडानं ओढायचं नाही. हातावर सांडलं तर लगेच धुवायचं, कारण ते कातडीतूनही आत जातं. आणि घरी मिश्रण बनवायच्या फंदात पडू नका, तयार इंधन मोठ्यांना आणू द्या.

दुसरी खोडी त्याहून विचित्र. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतच नाही! 1981 साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटारशर्यतीत रिक मिअर्स या शर्यतपटूची गाडी इंधन भरायला थांबली. इंधन सांडलं आणि पेटलं. तो माणूस जळत होता, हातवारे करत होता आणि सभोवतालच्या लोकांना ज्वाळा दिसत नव्हत्या. तो वाचला, पुढे 1984 मध्ये तीच शर्यत पुन्हा जिंकलाही. पण आपण धडा घ्यायचा तो असा, की इंजिनाजवळ पाण्याची भरलेली बादली आणि ओलं गोणपाट आधी ठेवायचं. मिथेनॉल पाण्यात विरघळतो, म्हणून भरपूर पाण्यानं ही आग विझते. इंधनाचा डबा मात्र दहा पावलं लांब, सावलीत.

आता पंखा. प्रत्येक वेळी लावण्याआधी पाती हळूच वाकवून, उजेडात धरून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी तो पंखा बाद. फेव्हिक्विकनं जोडायचा मोह होतो, पण ताशी पावणेसहाशेला फेव्हिक्विकचा काय टिकाव लागणार! बाद पंख्याचे दोन तुकडेच करून टाका, म्हणजे दुसरं कुणी चुकून लावणार नाही. चांगल्या पंख्याच्या भोकातून गुळगुळीत सळई घालून तो तोला. एक पातं सारखं खाली जात असेल तर ते जड. त्याचा पुढचा पृष्ठभाग पॉलिश पेपरनं थोडा थोडा घासा. तोल नसलेला पंखा इंजिनाला थरथरवतो आणि स्क्रू ढिले करतो. दोन्ही टोकांना पांढरा रंग द्या, मग ते धुरकट वर्तुळ ठळक दिसतं. नट पान्यानं आवळायचा, पकडीनं नव्हे. पकडीनं त्याचे कोपरे गोल होतात.

झाली तयारी? अजून नाही. गळ्यातला रुमाल, ओढणी, एनसीसीची दोरी, सगळं काढून ठेवा. वेणी पाठीमागे बांधा. डोळ्यांवर गॉगल, आणि हा शौकाचा नव्हे, कारखान्यात घालतात तो. जमिनीवर खडी असेल तर झाडून घ्या, कारण पंखा खडे उचलून फेकतो. बघे कुठे उभे आहेत? पंख्याच्या पुढे नको आणि बाजूला तर नकोच नको. पातं तुटलं की ते बाजूलाच उडतं. सगळ्यांनी मागे.

सेल न लावता, कार्बोरेटरच्या तोंडावर बोट ठेवून पंखा सावकाश दोन फेरे फिरवा. नळीतून इंधन सरकताना दिसेल. जास्त ओढलंत आणि पंखा एका जागी दगडासारखा अडला, तर जोर करू नका! पिस्टनवर इंधन साचलंय. द्रव दाबला जात नाही, जोर केलात तर आतला दांडा वाकेल. प्लग काढा, तोंड बाजूला करा आणि पंखा फिरवून इंधन बाहेर उडू द्या. सगळं ठीक असेल तर सेल जोडायचा आणि जाड रबरी नळी चढवलेल्या लाकडी दांडीनं पंख्याला फटका द्यायचा. बोटानं नाही. जुन्या चित्रांत लोक बोटानं फिरवताना दिसतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या बोटांवर टाके आहेत. सेल काढलेला असला तरी गरम इंजिन एखाद्या धक्क्यानं उसळी घेऊ शकतं, हेही लक्षात असू द्या.

धरलं! आता आधी पंख्याच्या मागे या, मगच सेल काढा आणि नीडल फिरवा. पंख्यावरून हात पुढे न्यायचा नाही, घाईतसुद्धा. नीडल बाहेर काढली की इंधन जास्त, आत घेतली की कमी. जास्त इंधनाचा आवाज बुडबुड्या, धूर दाट. कमी करत नेलं की आवाज चढतो आणि एका जागी अगदी किंचाळतो. पुष्कळांना वाटतं, हीच खरी जागा. चूक! या इंजिनात वंगण वेगळं नसतं, ते इंधनातूनच येतं. इंधन कमी म्हणजे तेलही कमी, थंडावाही कमी. किंचाळी सापडली की नीडल थोडी परत बाहेर. आवाज जरासा उतरू द्या. कोरं इंजिन असेल तर पहिल्या काही टाक्या बुडबुड्या आवाजातच चालवायच्या.

चालवून झाल्यावरचं काम कंटाळवाणं, आणि म्हणूनच निम्मी इंजिनं तिथंच मरतात. शेवटी नळी दाबून आतलं सगळं इंधन जळू द्या. टाकी रिकामी करा. सिलिंडर आणि सायलेन्सर निवेपर्यंत हात लावू नका, चांगला चटका बसतो. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतो आणि त्याच्या ज्वलनातून आम्लाचा अंशही मागे राहतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात असं इंजिन तसंच ठेवलंत, तर बेअरिंग गंजलेच म्हणून समजा. निवलं की प्लगच्या भोकात आणि कार्बोरेटरमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब टाका, दहा-पंधरा फेरे हातानं फिरवा, पिस्टन खाली आणून ठेवा आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळा. वाळूचा एक कण आत गेला तर तो पॉलिश पेपरचं काम करतो. तेवढ्याचसाठी, आत काय आहे ते बघायला म्हणून इंजिन उघडू नका. चित्र हवं तर मी पुढे कधीतरी देईन.

आणि मामाचं ते इंजिन हलतच नसेल तर? बहुधा ते बिघडलेलं नाही. वर्षानुवर्षांत आतलं एरंडेल सुकून डिंकासारखं झालंय. पंख्याला पक्कड लावून ओढू नका. इंधनाचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, प्लग काढा आणि केस वाळवायच्या ड्रायरनं इंजिन सावकाश गरम करा. हाताला सोसवेना इतकं तापलं की जाड कापडात धरून पंखा किंचित मागेपुढे करा. सुटलं की लगेच तेल. नाही सुटलं तर पुन्हा गरम करा. एखादं इंजिन दोन-तीन संध्याकाळी घेतं.

सुटल्यावर लगेच चालवायची घाई नको. नळी जुनी असेल तर ती कडक होऊन चिरलेली असणार, ती बदला. प्लगला सेल लावून वेटोळं लालकेशरी होतं का ते पाहा. मग फळी, बादली, गॉगल आणि ते माहीतगार माणूस. पुढच्या आठवड्यात त्या फळीचीच मापं देतो. लाकूड कुठलं, बोल्ट केवढे, ते सगळं.

तुमचा,
छंदकाका