गोळी सुरू झाली, पुढे काय?

माझा मामेभाऊ बीकॉम झालेला. सहा वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं. आधी ताविज, मग दर्गा, मग डॉक्टर, हा नेहमीचा प्रवास आम्हीही केला. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले, हे मी घरात सांगितलं, तेव्हा कुठे मामू दवाखान्यात यायला तयार झाले. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग तो दुकानात बसायला लागला. दोन गिऱ्हाइकं एकदम आली की गोंधळायचा. मुमानीने तीन वस्तू सांगितल्या तर एक आणायचा. "कामचोर झालाय," मामू म्हणायचे. खरं सांगतो, मलाही तेच वाटायचं. पण लक्ष, स्मरणशक्ती, कामाची आखणी यांतल्या अडचणी हा या आजाराचाच भाग आहे आणि गोळ्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. माणूस कामावर टिकतो की नाही, हे मात्र बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

यासाठी वेगळी थेरपी आहे, कॉग्निटिव्ह रेमेडिएशन. काही महिने नियमित सराव, सोप्यापासून अवघडाकडे. सोबत युक्त्या: काम तुकड्यांत मोडायचं, ऐकलेलं मोठ्याने म्हणायचं, यादी खिशात ठेवायची. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा ४० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. फायदा बेताचाच, पण टिकणारा. आणि सोबत पुनर्वसनाचं काम असेल, तर रोजच्या जगण्यात तो जास्त दिसतो.

मी सॉफ्टवेअरवाला, पहिला विचार आला, ॲप बनवू! नुसत्या खेळांनी भागत नाही, शिकवणारा प्रशिक्षित माणूस लागतो, हे वाचल्यावर तो विचार सोडला. आम्हाला असा माणूस चाळीस किलोमीटरवर भेटला. दर खेपेला आठशे रुपये फी. मला परवडते. मोहल्ल्यातल्या किती घरांना परवडेल?

आपण जकातीतून गरजूंच्या औषधांचे पैसे देतो, तशी ही फी का देऊ नये? आपल्या दुकानांत, कारखान्यांत अशा मुलांना दोन तासांचं काम का मिळू नये? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क दिलाय, त्यात पुनर्वसनही येतं. ते जिल्हा रुग्णालयात मिळतं का, हे लेखी विचारायला मी सोमवारी जातोय. मामूही येणार आहेत. तुम्हीही आपापल्या जिल्ह्यात विचारा.