विश्लेषण : कुत्र्याला लस ‘बाधली’ तर काय करावे?

शनिवारी संध्याकाळी कुत्र्याला लस टोचून घरी आणले. रात्री नऊच्या सुमारास त्याचे तोंड सुजले, पापण्या जड झाल्या, तो पंजाने चेहरा खाजवू लागला. दवाखाना बंद. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले, तर एकाने सर्दीची गोळी सुचवली, दुसऱ्याने हळदीचा लेप, आणि तिसऱ्याने ‘आता लसच बंद करा’ असा निकाल दिला. वेळेवर उपचार मिळाले तर अशी सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. मनात बसलेली भीती मात्र उतरत नाही आणि पुढचा डोस राहून जातो. लस बाधते म्हणजे नेमके काय होते, धोक्याची खूण कोणती आणि पुढच्या वेळी काय करायचे, याचा हा आढावा.

लस बाधते म्हणजे काय होते?

लस ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची रंगीत तालीम असते. मारलेला किंवा कमजोर केलेला जंतू शरीरात जातो आणि यंत्रणा त्याची ओळख करून घेते. या खटाटोपात थोडा ताप येणे, अंग दुखणे, मरगळ येणे अपेक्षितच आहे.

अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट. त्यात यंत्रणा लसीतील एखाद्या घटकाला शत्रू समजते आणि हिस्टामिनसारखी रसायने एकदम सोडते. हा घटक दरवेळी जंतूच असतो असे नाही. लस तयार करताना वापरलेल्या सीरममधील प्रथिनांचे अंश किंवा लस टिकावी म्हणून घातलेले जिलेटिनसारखे पदार्थही अ‍ॅलर्जीला कारण ठरू शकतात. पहिल्या वेळी शरीर त्या घटकाला केवळ लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी त्याच्यावर तुटून पडते. त्यामुळे ‘मागच्या वेळी तर काहीच झाले नव्हते’ ही खात्री पुरेशी नसते.

असे किती कुत्र्यांना होते?

अमेरिकेतील एका मोठ्या दवाखाना-साखळीतील १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीनंतरच्या तीन दिवसांत दर १० हजार कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांना काही ना काही त्रास झाल्याचे त्यात आढळले. म्हणजे साधारण २६० कुत्र्यांमागे एक. यात किरकोळ त्रासही मोजलेला होता. जीवघेण्या प्रतिक्रियांचा वाटा अगदी लहान होता. महत्त्वाचे म्हणजे, यातील सुमारे ७३ टक्के तक्रारी लस दिली त्याच दिवशीच्या होत्या.

हा आकडा दोन गोष्टी सांगतो. लसीला घाबरण्याचे कारण नाही. आणि लस दिली त्या दिवशी कुत्र्याकडे लक्ष न देण्यालाही निमित्त नाही.

साधा त्रास कोणता, गंभीर कोणता?

त्रासाच्या ढोबळ तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी साधी. कुत्रा मलूल होतो, जेवण कमी करतो, टोचलेल्या जागी हात लावू देत नाही, थोडा ताप येतो. हे एक-दोन दिवसांत आपोआप निवळते. टोचलेल्या जागी लहानशी गाठही येते आणि काही आठवड्यांत विरते. ती वाढत गेली, दुखू लागली किंवा महिनाभरात गेली नाही, तर दाखवावी.

दुसरी पायरी अ‍ॅलर्जीची. तोंड, ओठ, पापण्या सुजतात, अंगावर पित्त उठावे तशा गांधी येतात, खाज सुटते. हे काही मिनिटांपासून काही तासांत दिसते. हे दिसताच पशुवैद्यकाला फोन करावा आणि कुत्र्याला दाखवावे. बहुतेक कुत्रे इंजेक्शनने सावरतात.

तिसरी पायरी म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. गंमत अशी की, ही प्रतिक्रिया प्रथम ओळखली गेली ती कुत्र्यांमध्येच. १९०२ मध्ये चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचे विष अल्प मात्रेत टोचले होते. विषाची सवय होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या, तितक्याच लहान मात्रेने कुत्रा दगावला. संरक्षणाच्या उलट, अशा अर्थाचा हा शब्द तेव्हा घडवला गेला आणि या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले.

माणसात अशा वेळी श्वास कोंडतो, हे आपण ऐकलेले असते. कुत्र्यात मात्र पहिला घाव बऱ्याचदा यकृत आणि आतड्यांवर पडतो. म्हणून तोंड न सुजताही अचानक उलट्या, जुलाब (कधी रक्ताचे), लाळ गळणे, पाय लटपटणे आणि कोसळणे अशी लक्षणे दिसतात. पालकांना वाटते, काहीतरी खाल्ले असेल. इथेच वेळ जातो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे हिरड्या. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. निरोगी कुत्र्यात ती दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या पांढुरक्या असतील किंवा रंग परतायला वेळ लागत असेल, तर मिनिटेही मोलाची आहेत. ज्यांच्या कुत्र्याच्या हिरड्या मुळातच काळ्या आहेत, त्यांनी खालची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहावा.

घरी काय करावे, काय टाळावे?

उलट्या, कोसळणे, धाप किंवा पांढऱ्या हिरड्या दिसल्या, तर थेट दवाखाना गाठावा आणि निघतानाच फोन करून कळवावे. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन आणि शिरेतून सलाइन हे उपचार लागतात; ते घरी होत नाहीत. कुत्र्याला कुशीवर झोपवून न्यावे, तोंडात पाणी किंवा अन्न कोंबू नये.

नुसती सूज असेल तर तिचा फोटो काढावा, लस किती वाजता दिली आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे. पशुवैद्यकाला याचा उपयोग होतो.

माणसांची औषधे हा सर्वांत मोठा धोका. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल, अंग दुखते म्हणून आयब्युप्रोफेन देणे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. अ‍ॅलर्जीवरच्या काही गोळ्या पशुवैद्यक कुत्र्यांनाही देतात, हे खरे. पण कोणती आणि किती, हे वजन पाहून ठरते. सर्दीच्या संयुक्त गोळीत पॅरासिटामॉल किंवा नाक मोकळे करणारे औषध मिसळलेले असते, ते कुत्र्याला घातक ठरते. शिवाय गोळी पोटात जाऊन काम करेपर्यंत अ‍ॅनाफिलॅक्सिस थांबत नाही.

लसीनंतर आलेला प्रत्येक आजार लसीमुळेच?

नाही. नव्याने आणलेल्या पिल्लाला लस दिली आणि चौथ्या दिवशी पार्वो झाला, की दोष लसीवर येतो. पण पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते सात दिवस जातात. म्हणजे पिल्लाला संसर्ग आधीच, बहुधा जिथून आणले तिथे झालेला असतो. लसीला संरक्षण उभे करायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो.

आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडेही लहान पिल्लात लस निष्फळ करतात. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवड्यांचे वय होईपर्यंत किंवा त्यानंतरही डोस पुन्हा पुन्हा दिले जातात. आणि लस दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवलेली नसेल, तर ती टोचूनही न टोचल्यासारखीच.

धोका कोणाला अधिक? छोट्या कुत्र्याला अर्धा डोस द्यावा का?

त्याच अमेरिकी अभ्यासात लहान चणीच्या, तरुण कुत्र्यांना आणि एकाच भेटीत अनेक लसी घेणाऱ्यांना त्रासाचे प्रमाण अधिक आढळले. १० किलोपर्यंतच्या कुत्र्यात प्रत्येक वाढीव लसीमागे धोका २७ टक्क्यांनी वाढत होता. १२ किलोंहून मोठ्यांत १२ टक्क्यांनी.

यावर अनेक पालक ‘मग पॉमेरियनला अर्धीच टोचा’ असा तोडगा काढतात. तो चुकीचा आहे. लसीचा डोस वजनावर ठरत नाही. प्रतिकारयंत्रणा जागी होण्यासाठी ठरावीक मात्रा लागतेच. अर्ध्या डोसने अ‍ॅलर्जी टळेलच असे नाही, संरक्षण मात्र अपुरे राहू शकते. खरा उपाय म्हणजे सगळ्या लसी एकाच दिवशी न देता काही आठवड्यांच्या अंतराने देणे.

एकदा त्रास झाला. पुढची लस द्यायची का?

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ‘हो, पण तयारीने’ असे आहे. आधी अ‍ॅलर्जीरोधक औषध देणे, लसी विभागून देणे, दुसऱ्या कंपनीची लस निवडणे आणि टोचल्यावर दवाखान्यातच थांबवून ठेवणे, हे पर्याय पशुवैद्यकाकडे असतात.

शिवाय प्रत्येक लस दरवर्षी लागतेच असे नाही. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना ‘डब्ल्यूएसएव्हीए’च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पिल्लूपणीचे डोस नीट झाल्यावर डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडिनो या विषाणूंवरची लस तीन वर्षांहून कमी अंतराने देण्याची गरज नसते. या तिन्हींसाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासूनही निर्णय घेता येतो. लेप्टोस्पायरोसिसचे संरक्षण मात्र वर्षभरच धरले जाते. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या मुंबईत आणि कोकणात ती लस चैनीची गोष्ट नाही.

रेबीजचे गणित सर्वांत वेगळे. लक्षणे दिसल्यावर हा आजार माणसात आणि कुत्र्यात जवळपास शंभर टक्के प्राणघातक आहे. महापालिकांच्या श्वान परवान्यासाठीही या लसीचे प्रमाणपत्र लागते. कुत्र्यांच्या लसीकरणाने काय साधते, हे शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. तेथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांच्या मोहिमेनंतर कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले.

जीवघेणी प्रतिक्रिया येऊन गेलेल्या कुत्र्याचा निर्णय अर्थातच सरसकट नसतो. तो पशुवैद्यकाने त्या कुत्र्यापुरता घ्यायचा. पण तोंड सुजले म्हणून रेबीजची लस सोडून देणे हा निर्णय एका कुत्र्यापुरता उरत नाही. तो घरातल्या आणि शेजारच्या मुलांच्या वतीनेही घेतलेला असतो.

मग बदलायला काय हवे?

पहिली गोष्ट, अर्धा तास. करोनाच्या लसीनंतर केंद्रावर ३० मिनिटे बसायची सवय आपल्याला लागली होती. कुत्र्याच्या लसीनंतर मात्र सुई निघाली की गाडीची किल्ली हातात येते. घरी येऊन लस देण्याची सोय वाढली आहे, ती वृद्ध पालकांना आणि बिथरणाऱ्या कुत्र्यांना उपयोगीही आहे. पण पाच मिनिटांत पुढच्या घरी जाणाऱ्याला ‘अ‍ॅड्रेनालिन सोबत आहे का, अर्धा तास थांबाल का’ हे विचारण्यात संकोच नको. पैसे वाचवण्यासाठी दुकानातून कुपी आणून स्वतःच टोचणाऱ्यांकडे तर संकटात यातले काहीच नसते.

दुसरी गोष्ट, वेळ. लस शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी घ्यावी, म्हणजे त्रास झाला तरी दवाखाना उघडा असतो. रात्री उघडे असणारे रुग्णालय कोणते आणि किती दूर, हे आधीच माहीत करून घ्यावे. तालुक्याच्या गावी तर हे अधिकच गरजेचे.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, नोंद. लसीच्या कुपीवरचे स्टिकर कार्डावर चिकटवले जाते, त्यावर बॅच क्रमांक असतो. त्याशेजारी ‘या लसीनंतर दोन तासांत तोंड सुजले’ अशी एक ओळ क्वचितच दिसते. पुढच्या वर्षी घर बदलते, डॉक्टर बदलतो आणि तीच लस पुन्हा टोचली जाते. कार्डावर ही ओळ लाल शाईने लिहून घेणे हा पालकाचा हक्क आहे.

ही नोंद दवाखान्यापुढेही जायला हवी. माणसांच्या लसीकरणानंतरचे दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय व्यवस्था आपल्याकडे आहे. युरोपात प्राण्यांच्या औषधांसाठीही सामायिक माहितीसाठा आहे आणि अमेरिकेत पालक स्वतः तक्रार नोंदवू शकतात. आपल्याकडच्या श्वानपालकाला माहीत असलेली अशी सोपी वाट नाही. एकाच बॅचच्या लसीने चार शहरांत चार कुत्रे आजारी पडले, तर चौघांनाही तो आपलाच योगायोग वाटेल. आकडे नसले की त्यांची जागा अफवा घेते.

रेबीजमुक्तीसाठी देशाने २०३० हे लक्ष्य ठेवले आहे. त्यासाठी लोकांचा लसीवर विश्वास हवा. ‘काही होत नाही हो’ असे म्हणून तो मिळत नाही. काय होऊ शकते ते आधी सांगितले, अर्धा तास थांबवून घेतले आणि झाले ते लिहून ठेवले, तर तोच पालक पुढच्या वर्षी ठरल्या तारखेला कुत्र्याला घेऊन दारात उभा राहतो.