आठ रुपयांचा पोषण आहार

अर्थसंकल्प सादर झाला की चर्चा रंगते ती एकूण तरतुदीची. कोणत्या योजनेला किती हजार कोटी मिळाले, गेल्या वर्षीपेक्षा किती वाढले, याची. मुलाच्या ताटात काय पडणार, हे मात्र कोटींच्या आकड्यांवरून कळत नाही. ते कळते दरडोई दरावरून. अंगणवाडीतील सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाच्या पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला ६ रुपयांवरून ८ रुपये झाला. तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये, तर गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी साडेनऊ रुपये ठरले. पुढे डाळ, तेल, दूध, गॅस सारेच महागले. दर मात्र वर्षानुवर्षे जागचा हलला नाही. २०१७ मध्ये सहा महिन्यांचे असलेले बाळ २०२३ मध्ये शाळेच्या वयाचे झाले. अंगणवाडीतला त्याचा सारा काळ एकाच दरावर गेला.

अपेक्षा मात्र कमी झालेली नाही. या आहारातून मुलाला रोज ठरावीक किलोकॅलरी आणि प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि एका अंड्यातच आठांपैकी बहुतेक रुपये संपतात. दर गोठला की कात्री लागण्याची भीती असते ती महाग पदार्थांना, म्हणजे डाळ, तेल आणि अंड्यांना. पोट भातानेही भरते. शरीर आणि मेंदू घडायला प्रथिने, लोह आणि स्निग्ध पदार्थही लागतात. त्यातही गर्भधारणेपासूनचे पहिले एक हजार दिवस निर्णायक. या काळात खुंटलेली वाढ नंतर भरून काढणे फार अवघड असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के आहे, म्हणजे तुलनेने संपन्न राज्यही यात पुढे नाही.

महागाईशी दर जोडणे सरकारला जमत नाही, असेही नाही. कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा आढावा वर्षातून दोनदा होतो. शाळेतील 'पीएम पोषण' योजनेत महागाई निर्देशांक पाहून प्राथमिकच्या मुलामागील साहित्याचा खर्च डिसेंबर २०२४ मध्ये ५.४५ वरून ६.१९ रुपये आणि मे २०२५ पासून ६.७८ रुपये करण्यात आला. ही वाढही मोठी नाही, पण तिच्यामागे काही हिशेब आहे. अंगणवाडीच्या दरांत 'योग्य ती वाढ' करण्याची घोषणा २०२५च्या अर्थसंकल्पी भाषणात झाली. वाढ किती, हे भाषणात नव्हते.

तिजोरीवर ताण येईल, हा आक्षेप अपेक्षित आहे. २०२५-२६ मध्ये केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये अंदाजला गेला. 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०'साठीची तरतूद होती २१,९६० कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले सुमारे ४३ पैसे. त्यावर आठ कोटींहून अधिक मुले आणि एक कोटी माता अवलंबून आहेत. केवळ पैशाने कुपोषण हटत नाही, हेही खरे. स्वच्छ पाणी, मातेचे आरोग्य, आहाराचा दर्जा आणि पुरवठ्यावरील देखरेख यांचीही तितकीच गरज आहे. पण पुरेशा पैशांविना दर्जाचा आग्रह धरणे म्हणजे सेविकांकडून चमत्काराची अपेक्षा करणे होय.

म्हणून मागणी एकदाच्या वाढीची नको. दरवर्षी निर्देशांकानुसार दर आपोआप बदलेल, असा नियम हवा. अनुदान कमी करायचे तर सरकारला निदान तसा निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचे उत्तरही द्यावे लागते. दर गोठवून ठेवला की तीच कपात कोणत्याही निर्णयाविना, कोणाच्याही सहीविना होते. आणि ती सोसणारे मूल तीन वर्षांचे असते. त्याला ना आंदोलन करता येते, ना मतदान.