लाल विंचू आणि कॅल्मोड्युलिन

मे महिन्यातील एका संध्याकाळी मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक आजोबा नऊ वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेऊन आत आले. परसातील सोडणांच्या ढिगात चेंडू शोधताना मुलाच्या बोटाला विंचू चावला होता. त्यास दीड तास लोटला होता. प्रथम त्याने आकांत मांडला, मग कोणीतरी अंगारा लावला आणि तो हळूहळू शांत झाला. "डॉक्टरसाहेब, रडायचा थांबलाय. विष उतरलं असं वाटतंय, पण सून म्हणाली, एकदा दाखवून या," आजोबा म्हणाले.

मुलगा शांत होता हे खरे. परंतु त्याचा सदरा घामाने चिंब झाला होता, वाटेत दोनदा उलटी झाली होती आणि त्या उकाड्यातही त्याचे तळपाय गार पडले होते. नाडी जलद होती, रक्तदाब त्याच्या वयाच्या मानाने पुष्कळच वाढलेला होता. "आजोबा, विष उतरलेलं नाही. ते आत्ता कुठे कामाला लागलं आहे," असे मला त्यांना सांगावे लागले.

बोटाची वेदना आणि जीवाचा धोका ही दोन निराळी मापे आहेत. त्यातले दुसरे समजून घ्यायचे, तर थोडे पेशीच्या आत डोकवावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. विषय रोचक आहे.

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आठवतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांतच असते. उरलेल्या एका टक्क्याचे काम मात्र फार नाजूक आहे. पेशीच्या बाहेर जेवढे मुक्त कॅल्शियम असते, त्याच्या जवळजवळ दहा हजारावा हिस्साच विश्रांत पेशीच्या आत असतो. त्यामुळे किंचित कॅल्शियम आत शिरले, तरी पेशीला ती मोठी वार्ता वाटते. पोटॅशियमचे नेमके उलट आहे. ते आत भरपूर आणि बाहेर अगदी थोडे, साधारण पस्तीसास एक या प्रमाणात. चेतापेशी किंवा हृदयाची पेशी उद्दीपित झाली, की सोडियम व कॅल्शियम आत येतात. तिला पुन्हा शांत करायचे, तर पोटॅशियम बाहेर जाऊ द्यावे लागते. त्यासाठी पेशीच्या आवरणात पोटॅशियमची खास दारे आहेत. हाच पेशीचा ब्रेक.

हा ब्रेक केव्हा दाबायचा, हे सांगणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे कॅल्मोड्युलिन. अवघ्या १४८ अमिनो आम्लांचे हे प्रथिन व्यायामाच्या डंबेलसारखे असते, दोन टोकांना दोन गोळे आणि प्रत्येक गोळ्यात कॅल्शियम धरण्याच्या दोन खोबणी. १९७० मध्ये अमेरिकेत चुंग आणि जपानमध्ये काकिउची यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. आम्ही एम.बी.बी.एस. शिकत असताना त्याच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ आली होती. परीक्षेला विचारत नसत, म्हणून आम्हीही ती विसरलो. पोटॅशियमच्या एका प्रकारच्या दाराशी त्याचे नाते १९९८ मध्ये उलगडले. या दाराला कॅल्मोड्युलिन एका हाताने कायमचे धरून बसलेले असते. पेशीत कॅल्शियम वाढले, की ते त्याच्या दुसऱ्या हातात येते, प्रथिनाचा आकार बदलतो आणि दार उघडते. पोटॅशियम बाहेर पडते, पेशी निवते. म्हणजे पेशीला चेतवणारे कॅल्शियमच तिला शांत करण्याचीही सोय करते!

आता विंचवाकडे वळू. आपल्या किनाऱ्यावरच्या जांभ्याच्या गडग्यांत, पेंढ्यात, लाकडांच्या रचाईत राहणारा लहानखुरा लाल विंचू हा त्या धिप्पाड काळ्या विंचवापेक्षा कितीतरी अधिक घातक असतो. आकारावरून जोखण्याची आपली सवय येथे फसते. त्याच्या विषाचा मुख्य आघात सोडियमच्या दारांवर होतो. ती वेळेवर मिटत नाहीत आणि चेतापेशी पुन्हा पुन्हा उद्दीपित होत राहतात. त्याच विषात पोटॅशियमची दारे बुजवणारी सूक्ष्म प्रथिनेही असतात. त्यांपैकी आयबेरिओटॉक्सिन १९९० मध्ये वेगळे करण्यात आले. ते कॅल्शियमला स्वतःच ओळखणारी मोठी दारे बंद करते. २००२ मध्ये वर्णिलेले, ३१ अमिनो आम्लांचे टॅमापिन बरोबर त्याच दारावर बसते, जेथे कॅल्मोड्युलिन पहाऱ्याला असते. पहारेकरी आतून दार उघडतो, पण बाहेरून बोळा कोंबलेला! एकीकडे अ‍ॅक्सिलरेटर अडकलेला आणि दुसरीकडे ब्रेकही निकामी होऊ लागलेला, अशी ही स्थिती.

परिणामी मज्जासंस्थेत वादळ उठते. आधी उलट्या, लाळ, भरपूर घाम, लहान मुलग्यांमध्ये लिंग ताठरणे; मग अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचते, आणि मृत्यू येतो तो बहुधा त्यामुळे.

ही लक्षणे जगापुढे मांडण्याचे काम आपल्याच जिल्ह्यात झाले, याचा मला अभिमान वाटतो. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून काम करू लागले. विंचूदंशाचे रुग्ण दगावताना पाहून ते स्वस्थ बसले नाहीत; रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या. उलटी, घाम, गार हातपाय या पूर्वसूचनांवरील त्यांचा निबंध १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते, म्हणून ते या रुग्णांना देण्याचा विचार त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये तेथेच मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातील मोठ्या संस्थेत बसूनच संशोधन होते, असे मानणाऱ्यांनी एकदा महाडची वाट धरावी.

प्राझोसिन कॅल्मोड्युलिनला हात लावत नाही आणि बुजलेली दारेही उघडत नाही. ते वादळाचा मारा सोसण्याजोगा करते आणि विष ओसरेपर्यंत शरीराला वेळ मिळवून देते. म्हणून ते जितके लवकर, तितके उत्तम. अर्थात मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, कारण या गोळीनंतर रुग्ण एकदम उठला तर रक्तदाब कोसळू शकतो. ती घरात आणून ठेवण्याची वस्तू नव्हे. कॅल्शियमच्या गोळ्यांनी कॅल्मोड्युलिन 'बळकट' होईल, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये.

त्या मुलाला औषध देऊन रुग्णवाहिकेने तालुक्याच्या ठिकाणी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांचा काळजीत पडलेला फोन आला. "डॉक्टरसाहेब, बोट पुन्हा दुखतंय म्हणून रडतोय." पाय कसे आहेत, असे मी विचारले. "गरम आहेत," ते म्हणाले. तेव्हा कुठे मी चहा घेतला. गंभीर दंशातून सावरताना बोटाची वेदना परत येते. बावस्करांच्या नोंदींतही हे आहे.

विंचू चावल्यावर दंशाची जागा कापू नये, दोरी आवळून बांधू नये. अंगाऱ्याने मनाला धीर येत असेल तर हरकत नाही, पण गाडी निघाल्यावर, वाटेतच लावावा. मुलांना वेदना असो वा नसो, त्वरित दाखवावे व चोवीस तास देखरेखीखाली ठेवावे. प्रौढांचेही तळहात-तळपाय चाचपत राहावे. गार घामेजलेले पाय आणि उलटी ही जोडी दिसली, तर क्षणही दवडू नये. शाकारणीच्या व कापणीच्या दिवसांत पायात चप्पल, हातात विजेरी असावी आणि अंथरूण, जोडे झटकून घ्यावेत, हे आपल्या आज्या सांगतच आल्या आहेत.

जाता जाता याच दारांविषयी आणखी एक गोष्ट. विष बाहेरून ब्रेक बिघडवते. काही कुटुंबांत तो जन्मतःच कच्चा असतो. हृदयातील पोटॅशियमचे एक महत्त्वाचे दार कॅल्मोड्युलिनच्या साहाय्यानेच नीट बसते व उघडते. त्या दाराच्या जनुकात दोष असेल, तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदय निवण्यास उशीर लागतो आणि धावताना, विशेषतः पोहताना, मूल अचानक बेशुद्ध पडू शकते. मानवात कॅल्मोड्युलिन बनवणारी तीन जनुके आहेत. त्यांतील दोषांमुळेही लहान वयात हृदयाचे प्राणघातक विकार होतात, हे २०१२-१३ मध्ये दिसून आले. असे दोष दुर्मीळ आहेत. परंतु आपली मुले समुद्रात आणि विहिरीत पोहत वाढतात. चांगले पोहता येणारे मूल पाण्यात एकाएकी गळून गेले, श्रमाच्या ऐन भरात बेशुद्ध पडले, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी असेच अकस्मात गेले असेल, तर त्याला केवळ 'फिट' किंवा 'चक्कर' म्हणून सोडून देऊ नये. पाण्यात उतरू न देता आधी ईसीजी काढून घ्यावा आणि त्यातील 'क्यूटी' हे अंतर मोजले आहे का, असे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.