गोळी ‘केमिकल’, मग काढा काय?

आजऱ्याला गेलो की कुणीतरी ऐकवतंच, “रिपोर्ट नॉर्मल आला, कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. केमिकल किती दिवस खायचं?” आणि गोळीच्या जागी व्हॉट्सॲपवरचा आलं-लसणाचा काढा!

अहो, स्टॅटिन मुळात बुरशीतलं. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ साली क्योटोतल्या धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं. घनसाळ तांदूळ पिकवणाऱ्या तालुक्याला याहून ‘नॅचरल’ काय हवं?

पण मुद्दा नॅचरलचा नाहीच, पुराव्याचा आहे. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. काढ्याची अशी चाचणी दाखवा, मी गप्प बसतो.

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच. यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन ती कमी करते. बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा जैसे थे. सिस्टीम हॅक झाली नाही म्हणून आपण फायरवॉल काढतो का राव?

तेव्हा पुण्या-बेंगळुरूतल्या मित्रांनो, रविवारच्या फोनवर आई-बाबांना जेवणाआधी हे विचारा: गोळी चालू आहे ना? अंग दुखत असेल तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलून देतील. ते काम व्हॉट्सॲपचं नव्हे.